स्पेनचे घोडे आणि आर्णीची वही

आर्णीसारख्या गांवीं बसून स्पेन देशांतील घोड्यांच्या चित्रांविषयीं लिहिणें हें कित्येकांस हास्यास्पद वाटेल, आणि तसें वाटल्यास आम्ही त्यांस दोष देणार नाहीं. अरुणावतीच्या कांठचें हें गांव कापसाच्या मुलखांतलें. येथें घोडा दिसतो तो लग्नसराईंत. नवरदेवास पाठीवर घेऊन, वाजंत्र्यांच्या गोंगाटानें कान मागें पाडून, वरात केव्हां एकदांची दारीं लागते याची वाट पाहत उभा असलेला. एरवीं जनावर म्हणजे बैल, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत एक वही आमच्या हातीं आली, आणि ती चाळून झाल्यावर तिच्यासंबंधीं चार शब्द लिहिल्यावांचून आमच्यानें राहवेना. पुस्तकांच्या परीक्षणासाठीं राखलेल्या या पानांत एका अप्रकाशित चित्रवहीस जागा मागत आहों, याबद्दल संपादक व वाचक क्षमा करतील अशी उमेद आहे.

ही वही आमच्याच गांवच्या एका निवृत्त चित्रकला-शिक्षिकेची आहे. नांव छापूं नये अशी त्यांची अट असल्यामुळें आम्ही ती पाळतों. सारें गांव त्यांस नुसतें 'बाई' म्हणतें, तेव्हां आम्हीही तसेंच म्हणूं. तीस वर्षें शाळेंतील मुलांकडून घागरी, वांगीं व खुर्चीवर टाकलेले टॉवेल काढवून घेतल्यावर बाईंनीं निवृत्तीच्या रकमेंतून, एका चांगल्या बैलजोडीच्या मोलाहून अधिक पैसा खर्चून, दक्षिण स्पेनचा रस्ता धरला. आंदलुसिया प्रांतांत हेरेस नांवाचें शहर आहे. त्याच्या आसपासच्या एका शेतावर, जेथें घोड्यांची पैदास करतात तेथें, आठ दिवस राहावयाचें, घोडे पाहावयाचे व रंगवावयाचे, अशी ती सहल होती. प्रवास, सुटी व चित्रकलेचे धडे हीं तिन्ही एकाच गांठोड्यांत बांधून देणाऱ्या अशा कार्यशाळा हल्लीं युरोपांत पुष्कळ चालतात. गांवांत या बातमीचें स्वागत कसें झालें असेल हें सांगावयास नकोच. घोडेच पाहावयाचे होते तर दत्तजयंतीस तापीकांठीं सारंगखेड्याचा घोडेबाजार काय वाईट होता, असें आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षक-खोलींत एका गृहस्थांनीं विचारलें. "आणि आपले बैल काय कमी सुंदर होते?" हा प्रश्न तर चहाच्या टपरीवरही निघाला. खरें सांगावयाचें तर हा दुसरा प्रश्न आम्हीही विचारला, आणि तोही बाईंच्या तोंडावर. त्यांनीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. परत आल्यावर वही पुढें ठेवली.

वहीचीं पानें बेचाळीस. यांतील निम्मीं आम्हांस आवडलीं नाहींत हें आधींच सांगून टाकतों, म्हणजे पुढील स्तुतीवर वाचकांचा विश्वास बसेल.

स्पेनचाच घोडा कां, याचें उत्तर इतिहासांत आहे. दुसऱ्या फिलिप राजानें १५७० सालीं कॉर्दोबा येथें राजपागा स्थापिली आणि निवडक घोडे व घोड्या एकत्र करून एक विशिष्ट जात सिद्ध करण्याचा उद्योग आरंभिला. व्हिएन्नाच्या सुप्रसिद्ध अश्वविद्यालयास आजही 'स्पॅनिश' हें विशेषण लागतें तें या घोड्यांमुळेंच. त्या विद्यालयाचे पांढरे घोडे ज्या लिपिझाच्या पागेंतून निघाले ती १५८० सालीं उभी राहिली, व तिचें मूळ बीज स्पेनमधून आणलेलें होतें. भरदार कमानदार मान, सरळ किंवा किंचित् बाकदार नाक, लाटांसारखी लांब आयाळ, आणि गुडघा उंच उचलून टाकलेलें पाऊल, हीं या घोड्याचीं लक्षणें. चित्रकाराच्या दृष्टीनें तो म्हणजे आयतें चित्रच होय. आणि धोका आहे तोही येथेंच. जें आधींच चित्रासारखें दिसतें तें काढतांना डोळ्यास फारसें काम उरत नाहीं.

बाईंनीं चित्रांखालीं मराठींत टिपणें केलीं आहेत. त्यांत सब्जा, कुमाईत, अबलख, पंचकल्याणी हे शब्द इतक्या सहज आले आहेत कीं आम्ही चकित झालों. भाषेच्या पागेंत घोडे अजून बांधलेले आहेत. रस्त्यावरून तेवढे नाहींसे झाले. स्वतःचा घोडा घेऊन लढाईस जाणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक असतो. कार्यशाळेंतील चित्रकार हा बारगीर समजावा. घोडा दुसऱ्याचा, खोगीर दुसऱ्याचें, आणि पुष्कळदां नजरही दुसऱ्याची.

ही दुसऱ्याची नजर वहीच्या पूर्वार्धांत पानोपानीं दिसते. कार्यशाळेचे शिक्षक जलरंगांत मुरलेले एक इंग्रज गृहस्थ होते. सकाळीं ते स्वतः एक चित्र करून दाखवीत, मग शिष्यमंडळी आपापल्या जागीं बसत, आणि रात्रीच्या जेवणापूर्वीं सर्वांचीं चित्रें पुरीं होऊन भिंतीशीं ओळीनें मांडलीं जात. बाईंनीं त्या भिंतीचें एक छायाचित्र वहींत चिकटविलें आहे. त्यांत अकरा पांढरे घोडे आहेत, आणि अकराही जणूं एकाच घोडीचे. सर्वांच्या पोटाखालीं तीच जांभळट निळी सांवली, सर्वांची आयाळ कोरड्या कुंचल्याच्या त्याच फटकाऱ्यानें उडालेली, सर्वांच्या पायांशीं तीच गेरूच्या रंगाची धूळ. चित्रें वाईट नाहींत. दिवाणखान्यांत टांगलीं तर पाहुणे तारीफही करतील. परंतु यांत घोडा कोठें आहे असें विचारल्यास आम्हांस बोट ठेवतां येत नाहीं.

एक गोष्ट मात्र त्या शिक्षकांपासून बाईंनीं पक्की घेतली, व तिचें श्रेय त्यांस दिलें पाहिजे. जलरंगांत पांढरा घोडा रंगवितां येत नाहीं. त्याच्या जागीं कागद कोरा सोडावा लागतो. भोंवतालची भिंत, झाड, सांवली रंगवीत रंगवीत घोड्याच्या कडेपर्यंत यावें, आणि मधोमध जें उरेल तो घोडा. आमच्या शाळांत नेमकें उलट चालतें: आधीं पेन्सिलीनें ठसठशीत बाह्यरेषा, मग तिच्या आंत रंग भरणें, आणि रेषेबाहेर रंग गेल्यास गुण कापणें. बाईंनीं स्वतः तीस वर्षें असे गुण कापले आहेत. दहाव्या-अकराव्या पानांवर त्यांची धडपड पाहण्यासारखी आहे. भिंत घोड्याच्या पाठींत शिरते, मान खांद्यापासून तुटते, कान राहूनच जातो. बाराव्या पानावर चुन्यानें पांढऱ्या केलेल्या भिंतीपुढें पांढरा घोडा उभा आहे. दुपारची वेळ असावी. भिंत किंचित् पिवळसर, घोडा किंचित् निळसर, आणि या दोन पांढऱ्यांच्या सीमेवर कोठेंही रेषा नाहीं. पूर्वार्धांतलें हें एक पान आम्ही राखूं.

त्यानंतर पुन्हां उतार लागतो. शेतावरील एक शिकविलेला घोडा मंडळींपुढें नाचवीत. हेरेस येथें १९७३ सालीं स्थापन झालेलें अश्वकलेचें राजविद्यालय असल्यामुळें ही विद्या त्या मुलखांत घरोघर पोंचलेली आहे. नाचणाऱ्या घोड्यामागें पेन्सिल धांवूं शकत नाहीं, तेव्हां बहुतेकांनीं खिशांतील भ्रमणध्वनि काढून छायाचित्रें घेतलीं व तीं समोर ठेवून चित्रें केलीं. बाईंनींही केलीं. पाय बिनचूक आहेत, आणि घोडा खिळ्यानें भिंतीस ठोकल्यासारखा दिसतो. धांवत्या घोड्याचे पाय खरोखर कसे पडतात हें १८७८ सालीं मायब्रिज यानें कॅलिफोर्नियांत कॅमेऱ्यांची रांग लावून दाखविलें. तोपर्यंत युरोपांतील चित्रकार पुढचे दोन पाय पुढें व मागचे दोन मागें ताणून घोडा हवेंत तरंगत ठेवीत. जेरिको या फ्रेंच चित्रकाराचें एप्सम येथील शर्यतीचें १८२१ सालचें चित्र असेंच आहे. कॅमेऱ्याच्या न्यायासनापुढें तें साफ खोटें ठरतें. कोणत्याही क्षणीं घोडा तसा नसतो. तथापि लूव्हरमधील त्या चित्रांतले घोडे पळतात आणि बाईंच्या सोळाव्या पानावरचा घोडा पळत नाहीं. छायाचित्र एका क्षणाचें असतें, पाहणें अनेक क्षणांचें असतें, व चाल ही त्या अनेक क्षणांच्या बेरजेंत असते.

आमची या कार्यशाळांविरुद्ध मुख्य तक्रार येथेंच आहे. परदेशीं जाऊन चित्रें काढण्यास आमचा विरोध नाहीं. विरोध आहे तो जेवणाच्या घंटेपूर्वीं चित्र पुरें झालें पाहिजे या नियमास. देलाक्रवा हा फ्रेंच चित्रकार १८३२ सालीं एका राजदूतमंडळाबरोबर मोरोक्कोंत गेला. तेथें त्यानें दोन घोडे झुंजतांना पाहिले. ते मागल्या पायांवर उभे राहून एकमेकांस चावत होते. त्यानें वहींत टिपणें केलीं, रेखाटनें केलीं, आणि वह्या घेऊन तो घरीं आला. पागेंत झुंजणाऱ्या अरबी घोड्यांचें त्याचें प्रसिद्ध चित्र १८६० सालचें आहे. मध्यें अठ्ठावीस वर्षें गेलीं. प्रवासांत बीं गोळा करावयाचें असतें. पीक तेथल्या तेथें कापून आणण्याचा आग्रह धरला तर दुसऱ्याच्या शेतांतलें आणावें लागतें, आणि त्या अकरा घोड्यांचें तसेंच झालें आहे.

सहाव्या दिवशीं मात्र नशीब उघडलें. शिक्षकांस पडसें झालें म्हणून धडा झाला नाहीं, व मंडळी हेरेसच्या नामांकित मद्याचीं कोठारें पाहावयास निघून गेली. बाई मद्य घेत नाहींत. त्या शेतावरच राहिल्या. त्या दिवशीं नालबंद आला होता. येथून पुढें वहींत जणूं दुसऱ्याच कोणाचा हात चालूं लागतो.

नाल ठोकण्याचें काम बाईंस परकें नव्हतें. आमच्याकडे बैलास नाल मारतात तेव्हां त्यास दोरानें खालीं पाडतात, चारी पाय एकत्र आवळतात, एकजण मानेशीं दाबून बसतो, आणि दुभंगलेल्या खुराच्या प्रत्येक अर्ध्यास वेगळी पत्री ठोकतात. बैल डोळे पांढरे करतो, नाकपुड्यांतून धूळ उडवितो, आणि दोर सुटतांच असा उठतो कीं भोंवतालचीं पोरें चौफेर पांगतात. लहानपणीं आठवडी बाजाराच्या कडेला उभें राहून बाईंनीं हें कितीदां पाहिलें असेल याची गणती नाहीं. स्पेनमध्यें त्यांस दिसलें तें निराळें. घोडा पडत नाहीं. नालबंद त्याच्या शेंपटीकडे तोंड करून वांकतो, मागला पाय उचलून आपल्या मांडीवर घेतो, व घोडा तीन पायांवर भार तोलून, कधीं थोडा त्या माणसाच्या अंगावरही टाकून, डोळे अर्धे मिटून स्वस्थ उभा राहतो.

या एका प्रसंगाचीं बाईंनीं सात पानें केलीं आहेत, आणि सातांपैकीं एकही पुरें नाहीं. पहिल्यांत नुसता खूर आहे व तो धरणारा हात. दुसऱ्यांत तीन पाय, आणि कोणत्या पायावर किती भार पडला आहे हें तळव्याखालच्या सांवलीच्या दाटपणावरून कळतें. चौथें पान आम्ही सर्वांत श्रेष्ठ मानतों. त्यांत घोड्याचें डोकें कागदावर आलेलेंच नाहीं. स्पेनच्या घोड्याचें सारें वैभव ज्या मानेंत व आयाळींत, ती मान कागदाबाहेर राहिली आहे. उरली आहे ती वांकलेल्या माणसाची पाठ आणि घोड्याचें पोट, आणि या दोहोंच्या मधून गेलेली एकच रेषा. ती माणसाच्या सदऱ्याची कड आहे कीं घोड्याच्या बरगडीची, हें ठरवितां येत नाहीं व ठरविण्याची गरजही वाटत नाहीं. रंग म्हणाल तर एका ठिकाणीं तपकिरी रंगाचा ओला डाग, तो माणसाच्या चामडी पडद्याचा. या पानाखालीं बाईंनीं पेन्सिलीनें लिहिलें आहे: "हा पाय देतो. आपला बैल देत नाहीं, आपण घेतों."

हें वाक्य वाचल्यापासून आम्ही बैलास पत्री ठोकतांना पाहिलें नाहीं असें नाहीं, पण पूर्वीसारखें पाहिलें नाहीं. बैल सुंदर कां नव्हते, या आमच्या प्रश्नाचें उत्तर बहुधा हेंच असावें. बाईंस बैल कधींच दिसेनासा झाला होता. रोज समोर असलेली वस्तु दिसण्यासाठीं तिच्याहून वेगळी वस्तु शेजारीं यावी लागते. आणि उलटपक्षीं, त्या अकरा चित्रकारांत घोड्याचें पाय देणें ही कांहीं विशेष गोष्ट आहे हें एकट्या बाईंसच कळलें, कारण पाडलेला बैल पाहत त्या वाढल्या होत्या. आर्णीहून नेलेला डोळाच तेथें उपयोगीं पडला. तो डोळा पहिले पांच दिवस शिक्षकांच्या कुंचल्याकडे पाहण्यांत गुंतला होता, एवढेंच.

घोडी व शिंगरू यांचीं तीन पानें सातव्या दिवसाचीं आहेत. या जातीचे पांढरे दिसणारे घोडे जन्मतः काळे किंवा गडद रंगाचे असतात व वयाबरोबर पांढरे होत जातात. बाईंस हें ठाऊक नव्हतें. पांढऱ्या घोडीजवळ काळें पोर पाहून तें दुसऱ्या कोणाचें असेल असें त्यांस वाटलें, व तसें टिपणही आहे, मग तें खोडलें आहे. पानें चांगलीं आहेत, पण गोड आहेत. शिंगरू गोंडस दिसतेंच; त्यांत चित्रकाराचें श्रेय थोडें.

परततांना बाईंनीं माद्रिद शहरीं दोन दिवस काढले व ते सगळे प्रादो संग्रहालयांत आणि त्याच्या आसपास घालविले. व्हेलास्केस याच्या अश्वचित्रांपुढें बसून केलेलीं टिपणें हीं वहींतील उत्तम टीका होय. आम्हां वाचाळ टीकाकारांनीं त्यांवरून धडा घ्यावा. राजपुत्र बाल्तासार कार्लोस याच्या तट्टाचें पोट डेऱ्यासारखें सुटलेलें दिसतें. बाईंनीं लिहिलें आहे, "खालून पाहावें." त्या जमिनीवर बसल्या, आणि पोट जागच्या जागीं आलें; कारण तें चित्र दरवाज्याच्या वर टांगण्यासाठीं काढलेलें होतें. ब्रेडाच्या शरणागतीच्या भव्य चित्रांत विजयी सेनापतीच्या बाजूस प्रेक्षकाकडे पाठ केलेल्या घोड्याचा प्रचंड पुठ्ठा आहे, व अर्धी विजयश्री त्या पुठ्ठ्यानेंच अडविली आहे. परंतु बाई सर्वांत अधिक वेळ रमल्या त्या राजा चौथा फिलिप याच्या अश्वारूढ चित्रापुढें. त्यांतील घोड्याचे मागले पाय व्हेलास्केसनें एकदां रंगवून पुन्हां बदलले आहेत. वरच्या रंगांतून जुना पाय आजही धूसर दिसतो. राजाचा चित्रकार, राजाची प्रतिमा, राजवाड्याची भिंत, आणि तरी चुकलेला पाय लपून राहिला नाहीं. आमच्या शाळेंत खोडरबरास जें स्थान आहे तें पाहतां बाईंस त्या पायापुढून हलवेना यांत नवल नाहीं.

एका गोष्टीची चुटपुट मात्र लागते. त्याच शहरांत दुसऱ्या संग्रहालयांत पिकासोचें 'गेर्निका' आहे. २६ एप्रिल १९३७ रोजीं त्या गांवावर विमानांतून बाँब पडले, व त्याच वर्षीं रंगविलेल्या या चित्राच्या मध्यभागीं भाल्यानें विंधलेला, तोंड फाडून किंचाळणारा घोडा आहे. पिकासोच्या लहानपणीं बैलांच्या झुंजींत भालाइताचा घोडा बैलाच्या शिंगांनीं फाडला जाणें ही नित्याची गोष्ट होती. त्यास जाड गादीचें कवच घालण्याचा नियम स्पेनमध्यें १९२८ सालीं झाला. म्हणजे नाचणारा घोडा व आंतडीं बाहेर आलेला घोडा, हे दोघेही एकाच देशाचे. कार्यशाळेच्या आठ दिवसांत या दुसऱ्या घोड्याचा उच्चारही झाला नाहीं. सुटीवर आलेल्या मंडळींस कोण कशास सांगेल? बाई त्या चित्रापुढें उभ्या राहिल्या, पण वहींत त्याबद्दल एक कोरें पान आहे. वर तारीख आहे, खालीं कांहीं नाहीं.

स्पेनमध्यें घोड्यास कवच मिळालें त्याच १९२८ सालीं पुण्यास छत्रपति शिवाजी महाराजांचा करमरकरांनीं घडविलेला अश्वारूढ पुतळा उभा राहिला. महाराष्ट्रांत घोड्याची आकृति कोणी खऱ्या अर्थानें हस्तगत केली असेल तर ती करमरकरांनीं. त्या घोड्यास नाटकी आवेश नाहीं. तो चालतो, आणि स्वाराचें वजन त्याच्या पाठीस कळतें. अलिबागजवळ सासवणे येथें त्यांचें शिल्पालय आहे. तेथें खेड्यांतील माणसांचीं व जनावरांचीं शिल्पें पाहिलीं म्हणजे हें वजन त्यांनीं कोठून आणलें याचा उलगडा होतो.

हुसेन यांचें उदाहरण अधिक बोधक, कारण ते प्रवासी. पंढरपुरास जन्मलेला व इंदुरास वाढलेला हा चित्रकार १९५२ सालीं चीनमध्यें गेला. तेथें तांग काळांतील मातीचे घोडे त्यानें पाहिले, पुढें इटलीच्या मारिनो मारिनी याच्या शिल्पांतील घोडे पाहिले, आणि या दोहोंचा संस्कार त्याच्या घोड्यांवर आहे हें सर्वमान्य आहे. पण इंदूरच्या मोहरमांतील दुलदुलाची स्मृति आधीं नसती तर चीनचा घोडा त्याच्या दृष्टीस पडून नुसता निघून गेला असता, असें आम्हांस वाटतें. परका घोडा घरच्या घोड्याच्या ठाणावर येऊन उभा राहिला. उत्तरायुष्यांत हुसेन यांनीं इतके घोडे काढले कीं घोडा ही त्यांची सहीच होऊन बसली. त्यांतील पुष्कळ घोडे पागेंतले नसून सवयीचे आहेत. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतील घोड्यांत जी चाचपड आहे ती पुढें राहिली नाहीं, व तिच्याबरोबर आणखीही कांहीं गेलें. हें मत पुष्कळांस रुचणार नाहीं, याची आम्हांस कल्पना आहे.

सवयीचा घोडा जसा असतो तसा सवयीचा बैलही असतो, व त्याचा कारखाना आमच्या शाळांत आहे. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या सरकारी चित्रकला-परीक्षांना आमच्या भागांतून पुष्कळ मुलें बसतात. त्यांत स्मरणचित्र हा एक विषय असतो. पोळा हा विषय आला कीं मुलें हुरळून जातात, कारण बैल त्यांस पाठ असतो. तो बैल गाईडांतला. शिंगें चंद्रकोरीसारखीं, झुलीवर ठराविक आरसे, चारी पाय एका रेषेंत. ज्या मुलानें आदल्या दिवशीं स्वतःच्या हातानें बैलाच्या खांद्यास हळद व लोणी चोळलें, तेंही परीक्षेंत गाईडांतलाच बैल काढतें आणि उत्तम गुण मिळवितें. स्मरणचित्र म्हणावें आणि स्मरणासच रजा द्यावी! बाईंनीं आम्हांस सांगितलें कीं तो बैल फळ्यावर त्यांनीं स्वतः शेंकडों वेळां काढून दिला आहे, व पहिल्या पांच दिवसांत आपण तेंच करीत होतों हें आपणांस त्या अकरा घोड्यांच्या भिंतीपुढें उभें राहिल्यावर समजलें. हें सांगतांना त्यांचा आवाज नेहमींचा नव्हता. तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांचा हिशेब मनाशीं मांडलेल्या माणसाचा आवाज आम्हीं ओळखला, कारण साहित्याच्या वर्गांत आम्हीही गाईडांतला बैल अनेक वर्षें विकला आहे.

दरम्यान खरा बैलही थांबून राहिलेला नाहीं. शेतांत ट्रॅक्टर आले, पोळ्याच्या तोरणाखालीं जोड्या विरळ झाल्या, आणि बाजाराच्या कडेला पत्री ठोकणारे पूर्वीसारखे दिसत नाहींत. ज्यांस ते काढावयाचे आहेत त्यांनीं देलाक्रवाप्रमाणें अठ्ठावीस वर्षांची मुदत घेण्यास आमची हरकत नाहीं, पण टिपणें तरी आतांच केलीं पाहिजेत.

वहीचीं शेवटचीं चार पानें आर्णीचीं आहेत. स्पेनहून परतल्यावर बाई वही घेऊन पत्री ठोकणाऱ्याच्या शोधांत निघाल्या, तो त्यांस सांपडला, व बायकामाणसानें तेथें स्टूल टाकून बसण्याबद्दल जी कुजबुज व्हावयाची ती झाली. चारही पानें स्पेनच्या त्या सात पानांच्या तोडीचीं नाहींत, हें आम्ही स्पष्ट सांगतों. पडलेल्या बैलाचें अंग काढणें उभ्या घोड्याहून कठीण आहे. बरगड्या कोठें संपतात व माती कोठें सुरू होते याचा मेळ पहिल्या दोन पानांवर बसलेला नाहीं. तिसऱ्यावर मान दाबून बसलेला माणूस बैलाहून मोठा झाला आहे. चौथ्यांत मात्र दोर आहे. चारी पायांस वेढे देऊन ताणलेला तो दोर इतका दाबून काढला आहे कीं एका ठिकाणीं कागद फाटला आहे, व फाटलेल्या जागेच्या पलीकडे बैलाचा एक डोळा आहे, नुसता एक ओला ठिपका.

हें पान महाविद्यालयाच्या वाचनालयांत लावावयास आम्हीं मागितलें. बाईंनीं दिलें नाहीं. मागल्या खुराची दुभंग चुकली आहे, म्हणाल्या, ती पुन्हां पाहून यावयाची आहे.